सपाट शीड : बोटीवर राहणाऱ्या दोन मुलांच्या शिकण्याचं एक प्रकरण

मुलं बोटीवरच राहणार असतील तर त्यांना बोट कशी शिकवायची? निघण्याआधी आमच्याकडे याचं तयार उत्तर होतं, वेळापत्रकासकट. पाचव्या महिन्यात ते उत्तर निकालात निघालं. नंतरच्या नऊ महिन्यांत काय घडलं, त्याची ही नोंद आहे. मी या प्रकरणातला बाप आहे, त्यामुळे तटस्थपणाचा दावा करत नाही. मुलांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. थोरली निघताना ११ वर्षांची होती, धाकटा ८ वर्षांचा.

आधी माहिती. बोट १० मीटरची, एका डोलकाठीची. मागे मेनसेल, म्हणजे मुख्य शीड, आणि पुढे जिब, म्हणजे गुंडाळता येणारं पुढचं शीड. बायको लहानपणापासून शिडाच्या होड्यांत वाढलेली, त्यामुळे कॅप्टन तीच. मला शिडातलं काही कळत नव्हतं, पण आईच्या मशीनवर शिवण शिकलो होतो आणि काज-बटणापासून उरेब पट्टीपर्यंत हात बसलेला होता. हे ज्ञान बोटीवर पडदे शिवण्यापलीकडे उपयोगी पडेल असं आम्हा दोघांनाही वाटलं नव्हतं. किनाऱ्यावर ये-जा करायला मागे एक छोटी टणक होडी बांधलेली असायची. तिला डोलकाठीचं भोक होतं, काठीही होती, शीड मात्र नव्हतं. आधीचा मालक ती नुसती वल्हवत असावा. मुलांसाठी जगभर वापरतात ती ऑप्टिमिस्ट होडी २.३ मीटरची असते आणि तिचं शीड ३.३ चौरस मीटरचं. १९४७ साली क्लार्क मिल्स यांनी फ्लोरिडात ती आखली. आमची होडी साधारण त्याच मापाची निघाली, हा निव्वळ योग.

नियम तीनच होते. केबिनबाहेर पाऊल टाकलं की अंगात लाइफजॅकेट. रात्री किंवा खवळलेल्या पाण्यात कमरेला दोर. आणि मोठं माणूस बाहेर नसताना डेकवर जायचं नाही. यांवर कधी वाद झाला नाही, म्हणून पुढे त्यांचा उल्लेखही नाही.

तासाचे चार महिने

रोज सकाळी एक तास "नौकानयन". एका फळीवर दोराचे तुकडे लावले होते आणि प्रत्येकाखाली गाठीचं नाव. आठवड्याला एक गाठ. भाग ओळखा, चित्राला नावं द्या, तोंडी परीक्षा. दिसायला छान दिसत होतं, आम्ही फोटोही काढले.

धाकटा बोलिन, म्हणजे न सरकणाऱ्या फासाची गाठ, सहा सेकंदांत बांधायचा. टेबलाच्या पायाला, डोळे मिटून. मग एका संध्याकाळी वारा वाढला, आम्ही किनाऱ्यावरून परतलो आणि होडीचा दोर त्याच्या हाती देऊन मी सामान वर घ्यायला लागलो. होडी लाटांवर हिसके देत होती. त्यानं दोर कड्यातून ओवला आणि बोलिन बांधायला घेतली. बोलिन ताणलेल्या दोरावर बांधता येत नाही, आणि ताण असेपर्यंत सोडवताही येत नाही. त्याला तेवढंच ठाऊक होतं म्हणून तो तेच पुन्हापुन्हा करत राहिला. तिसऱ्या हिसक्याला दोर तळहातांतून सरकला आणि होडी वाऱ्याबरोबर निघाली. इंजिन लावून तिला गाठेपर्यंत अंधार पडला होता. पोराचे तळहात लाल झाले होते, आणि रडत रडत तो एकच वाक्य म्हणत होता, "मला येते ती गाठ!"

येत होतीच की. त्या वेळी हवा होता तो खुंट्याभोवती आधी पूर्ण वेढा. वेढा पडला की घर्षणच होडीचा भार उचलतं, आणि मग दोन अर्ध्या गाठी निवांत मारता येतात. ही गाठ आमच्या फळीवर पाचव्या क्रमांकाला होती. तो अजून चौथ्या आठवड्यात होता.

थोरलीचं उलट. तिला बोटीवरच्या यच्चयावत वस्तूंची नावं पाठ होती. पण वाऱ्याचा झोत आला की मेनसेलची शीट, म्हणजे शीड आत-बाहेर करायचा दोर, सैल का सोडायची, असं विचारलं तर उत्तर यायचं, "आई ओरडते म्हणून."

त्या रात्री बायको म्हणाली, "यांना गाठी येतात, पण ताण माहीत नाही." ती हे सहज बोलून गेली होती, आमच्या चुकीचं निदान म्हणून मी ते पुढे कितीतरी वेळा आठवलं.

विटकं जिब

पाचव्या महिन्यात पुढचं शीड बदललं. जुनं पंधरा वर्षांचं होतं. डेक्रॉन हे शिडाचं कापड नवं असताना हातात घेतलं की कागदासारखं कडकड वाजतं, आणि हे धुवट चादरीसारखं मऊ पडलं होतं. टाकून द्यायचं म्हणून गुंडाळत होतो तेवढ्यात थोरली म्हणाली, "बाबा, याचं होडीला शीड नाही का होणार?"

तो तास तिथेच बंद पडला. ठरवून बंद केला असं म्हणायला आवडलं असतं.

आधी कापड तपासायचं होतं. डेक्रॉन म्हणजे पॉलिएस्टर, आणि त्याचा मोठा शत्रू ऊन. पण कापडाच्या आधी मरतो तो दोरा. सुती कापडात टाका आत रुततो, शिडाच्या कडक कापडात तो रुतत नाही, वरच उभा राहतो, मग ऊनही तोच खातो आणि घासणही. पारख सोपी आहे. टाक्याखाली नख घालायचं आणि उचलायचं. थोरलीनं पहिला टाका उचलला तर तो तुटलासुद्धा नाही, त्याचा भुगा झाला. तिनं बोटावरची पांढरी पूड बघितली, मग मान वर करून मेनसेलकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी मेनसेल खाली उतरवलेलं असताना ती न सांगता त्याची एकेक शिवण नखानं चाचपत बसली. वही केली. खालून शिवणीचा क्रमांक, मागच्या कडेपासून अंतर, आणि शेरा: ठीक, शंका, तुटका. अंतर ती वितीत मोजायची, स्वतःच्या. "सातवी, दीड वीत, शंका" ही नोंद पुढे या प्रकरणात येणार आहे.

जिबच्या शिवणींचा दोरा असा मेलेला असल्यामुळे पट्टे वेगळे करायला फार कष्ट पडले नाहीत. दोन्ही मुलांनी फराफरा उसवले. उन्हात कुजलेली कडेची पट्टी टाकून दिली, मधलं कापड बरं निघालं. पट्टे डेकवर पसरले तर एक गंमत दिसली. त्यांच्या कडा सरळ नव्हत्या. एका टोकाशी जेमतेम दोन बोटं बाक होता. "आधी सरळ करून घेऊ या," थोरली म्हणाली. मला पटलं. शिंप्याचा हात ना. वाकडी कड दिसली की हात शिवशिवतात. पट्टी मीच धरली, तिनं रेघ मारली, गरम सुरीनं कापत गेलो म्हणजे कडा वितळून बंद होतील आणि धागे सुटणार नाहीत. बायको इंजिनापाशी होती. मध्ये एकदा वर येऊन तिनं पाहिलं, हात पुसले आणि खाली गेली.

चाक फिरवणारा आणि कापड धरणारी

मशीन जुनं, लोखंडी अंगाचं, झिगझॅग मारणारं घरगुती. बोटीवरची वीज मोजकी, म्हणून मोटर काढून मी चाकाला मूठ बसवली होती. शिडाला सरळ टीप चालत नाही. ताण आला की कापड किंचित लांबतं, सरळ टाक्यात तेवढी सैल नसते आणि तो तुटतो. झिगझॅग कापडाबरोबर लांबतो. दोरा व्ही-९२ जाडीचा, ऊन सोसणारा पॉलिएस्टर, आणि सुई ११० नंबरची. घरातल्या नेहमीच्या रिळाचा दोरा कितीही मजबूत वाटला तरी इथे कुचकामी.

टेबल लहान, कापड मोठं, मशीनच्या बाहूखालची जागा वीतभर. म्हणून कापडाच्या दोन्ही बाजू घट्ट गुंडाळून दोन नळ्या करायच्या, कपड्यांचे चिमटे लावायचे आणि मधली शिवण तेवढी उघडी ठेवायची. दोन्ही हात नळ्या सांभाळण्यात गेले की चाक फिरवायला तिसरा हात हवा. तो धाकट्याचा.

पहिल्या दिवशी तिनं कापड वळवलं आणि त्यानं, झालं असेल असं समजून, चाक फिरवलं. सुई तिच्या डाव्या तर्जनीच्या नखाच्या कडेवर आपटून मोडली. बोट वाचलं, नख काळं पडलं. भांडण मोठं झालं. ते ऐकून बायको आली आणि दोघांना विचारलं, "डेकवर वळताना आपण काय करतो?"

डेकवर टॅक करताना, म्हणजे बोटीचं नाक वाऱ्यातून पलीकडे वळवताना, सुकाणूवरचा माणूस विचारतो, "वळायला तयार?" शीट धरलेला शीट मोकळी करून हातात घेतो आणि मगच "तयार!" म्हणतो. ते ऐकू आल्याशिवाय सुकाणू हलत नाही. शेवटी "वळले!" त्या दिवसापासून मशीनवरही तेच सुरू झालं. "चाल?" "चाल." "थांब." "थांबलो." सुई वर की खाली, तेही बोलून दाखवायचं. कोपऱ्यावर सुई खालीच हवी, म्हणजे कापड तिच्याभोवती फिरतं. दहा मिनिटांत याला लय आली. लाटेनं बोट कलली की धाकटा आपसूक चाक रोखायचा आणि सरळ झाली की पुढे. गंमत म्हणजे यानंतर डेकवरचं त्यांचं "तयार!" बदललं. आधी ते तोंडाला येईल तसं यायचं, आता शीट खरोखर हातात आल्यावर येऊ लागलं. फळीवरच्या तासानं हे शिकवलं नव्हतं, काळ्या नखानं शिकवलं.

दोऱ्याच्या ताणाचं गणितही तिथेच कळलं. वरचा आणि खालचा दोरा कापडाच्या मधोमध अडकायला हवा. खालचा दोरा वर डोकावला तर वरचा ताण जास्त, वरचा खाली लोंबला तर कमी. थोरली प्रत्येक शिवणीआधी कापडाच्या तुकड्यावर चार टाके मारून दोन्ही बाजूंनी बघायची. मी स्वतः कित्येक वर्षं हे न करता शिवत आलो आहे.

चादर

नवव्या दिवशी शीड चढलं. सुमारे ३ चौरस मीटर, त्रिकोणी, सुरकुती नाही, शिवण फुटपट्टीसारखी. शांत खाडी, हलका वारा. दोघं होडीत बसली, वल्ही, छोटा नांगर आणि पाणी उपसायचा डबा सोबत. वारा पाठीशी घेऊन होडी सुरेख निघाली. मुलं गाणं म्हणत होती.

परत यायला वळली आणि सगळं थांबलं. शीड आत ओढलं तर होडी कलायची आणि आडवी सरकायची. सैल सोडलं तर फडफडायचं. वाऱ्याकडे सरकायचं नावच नाही. तीन वेळा टॅक करून ती दर वेळी वाऱ्याबरोबर आधीच्यापेक्षा मागेच आली. अर्ध्या तासानं वल्ही मारत परतली, दोघांचे चेहरे उतरलेले.

धाकट्याचा निवाडा स्पष्ट होता. "ही चादर आहे. शीड नाही."

तेव्हा बायको बोलली. वारा पाठीशी असताना शिडाला नुसतं ढकललं जायचं असतं, तिथे चादरही चालते. वाऱ्याकडे तिरकं जायचं तर शिडाला पोट हवं, पुढच्या कडेशी जास्त आणि मागे सपाट होत जाणारं, म्हणजे हवा वळून जाते आणि बोट पुढे खेचली जाते. आणि हे पोट कापडात येतं कुठून? पट्ट्यांच्या त्याच दोन बोटांच्या बाकातून. शीड शिवणारे बाकदार कडा एकमेकींना जोडतात, आणि सपाट पट्ट्यांचं गोलाईदार शीड होतं. आम्ही नेमका तोच बाक गरम सुरीनं, सरळ रेघ आखून, कापून टाकला होता.

मला कळायला हवं होतं. कपड्याला टक्स देतात तेव्हा दुसरं काय होतं? सपाट कापडात चिमूट घेतली की तिथे गोलाई येते. आयुष्यभर टक्स मारले आणि शिडात तो ओळखला नाही.

मग मला राग आला. "तुला तेव्हा दिसलं होतं ना? दोन दिवसांचं काम वाया गेलं." ती म्हणाली, दिसलं होतं, सांगितलं असतं तर मुलांनी कडा तशाच ठेवल्या असत्या आणि का ते विसरली असती. तिचं म्हणणं मला आजही पूर्ण पटलेलं नाही. कापड संपलं असतं तर? चूक होऊ द्यायची असेल तर ती परवडणारी हवी, आणि इथे ती परवडली ते नशिबानं. पण एक मान्य करतो, होडीवरची ती अर्धा तास हताश वळवळ नसती तर पुढचं उसवणं मुलांनी मुकाट्यानं केलं नसतं.

तीन शिवणी उसवल्या. या वेळी दोरा नवा होता, त्यामुळे एकेक टाका टोकदार कात्रीनं. मग एक लवचीक पट्टी घेऊन ती डेकवर किंचित वाकवून धरली आणि पेन्सिलीनं बाक आखला. पुढच्या कडेशी पट्टे एकमेकांवर २ सेंटिमीटर जास्त चढवायचे आणि ती चढण शिवणीच्या साधारण चाळीस टक्क्यांपर्यंत हळूहळू शून्यावर आणायची. दुतोंडी चिकटपट्टीनं आधी चिकटवलं, मग टीप. पुढच्या कडेलाही काठीच्या बाकापेक्षा थोडा जास्त बाक ठेवला. शीड जमिनीवर पसरलं तर ते आता सपाट बसत नव्हतं, मध्ये फुगवटा राहत होता. थोरलीनं त्यावर हात फिरवला आणि म्हणाली, "आता वाकडं झालं. बरं झालं."

लोकरीचे दोन धागे दोन्ही अंगांना लावले. दोन्ही धागे आडवे सरळ मागे वाहिले तर वारा नीट चाललाय. वाऱ्याच्या अंगाचा उडू लागला तर शीट ओढा किंवा वाऱ्यापासून जरा दूर वळा, आडोशाचा उडाला तर उलट. होडी वाऱ्याशी साधारण ५० अंशांचा कोन करून चढू लागली. महागड्या शिडापुढे हे काहीच नाही. पण परत येता येत होतं.

सातवी शिवण

या प्रकरणातला सगळ्यात अवघड भाग सातव्या महिन्यात झाला, आणि त्यात मुलांचं काही चुकलं नाही.

दिवसाचा प्रवास होता. १४ नॉट वारा (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल), पूर्ण शिडं. दुपारी तो चढत २० च्या पुढे गेला. थोरली वही घेऊन वर आली. "आई, रीफ करू या. सातव्या शिवणीला शंका आहे." रीफ करणं म्हणजे वारा वाढला की शिडाचा काही भाग आवळून ते लहान करणं. बायकोनं समोरच्या भूशिराकडे पाहिलं. "अर्धा तास. आडोशाला गेलो की करू." मीही म्हणालो, अर्ध्या तासानं काय होतंय.

वीस मिनिटांनी, एका २२ नॉटच्या झोतात, मागच्या कडेपासून शिवण उघडली. आवाज मोठा नव्हता, जाड कागद फाडावा तेवढाच. दोन हात लांब फट पडली. मेनसेल उतरवलं, जिब आणि इंजिनावर आडोसा गाठला. कुणाला काही झालं नाही. थोरली पूर्ण वेळ गप्प होती, आणि ती गप्प असणं जास्त लागत होतं.

नंतर तिनं वहीत एक हिशेब केला. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ढोबळ धरलं तर १४ नॉटला दर चौरस मीटरला सव्वातीन किलोच्या आसपास, २२ नॉटला आठ किलो. आमचं मेनसेल १८ चौरस मीटरचं, म्हणजे ५८ किलोवरून १४४ किलो. वारा दीडपट, भार अडीचपट. सूत्र बायकोनं दिलं, गुणाकार तिचे. खाली तिनं लिहिलं होतं, "म्हणून रीफ आधी." ती रीफ मागत होती ते भीतीनं नाही, आणि पाठांतरानंही नाही. तिनं त्या शिडाचा प्रत्येक टाका नखानं उचलून पाहिला होता. त्या कापडाबद्दल आमच्या दोघांपेक्षा तिला जास्त माहिती होती, आणि ऐकताना आम्ही तिचं वय मोजलं.

बोटीवर मुलं वाढवतो म्हटलं की लोक हमखास लॉरा डेकरचं नाव काढतात. २००९ मध्ये, १३ वर्षांची असताना, तिनं एकटीनं पृथ्वीप्रदक्षिणा करायचं जाहीर केलं. नेदरलँड्समधल्या न्यायालयानं तिला बालसंरक्षण अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली ठेवलं, पुढच्या वर्षी ती देखरेख उठली, आणि २१ जानेवारी २०१२ रोजी वयाच्या सोळाव्या वर्षी तिनं फेरी पूर्ण केली. मुलांना किती सोडायचं, हा त्या वादातला प्रश्न होता. आमचा प्रश्न त्याहून साधा आणि मला वाटतं जास्त घरोघरचा आहे. मुलाला खरं काम शिकवलंत, मग त्या कामातून त्यानं काढलेला निष्कर्ष तुम्ही मानणार की नाही?

त्या रात्री एक नियम झाला. रीफ कुणा एकानं मागितली तरी घ्यायची, चर्चा नंतर. रीफ सोडायला मात्र चौघांचा होकार लागतो. बायकोला हे जड गेलं, बोटीवर कप्तान एकच असतो असं ती म्हणाली आणि ते खरंही आहे. पण नियम टिकला. धाकट्यानं पहिल्या आठवड्यात दोनदा उगाच रीफ मागून पाहिली, दोन्ही वेळा घेतली, बोट मंदावली, आणि त्याची हौस फिटली.

शिवण दुरुस्तीला दोन दिवस लागले. सरळ भागावर मशीन चाललं, तिथे झिगझॅगच्या तीन ओळी. मागच्या कडेशी कापडाच्या चार-पाच घड्या एकत्र येतात, तिथे मशीनची सुई जात नाही. तिथे हातशिवण, म्हणजे तळहातावर चामड्याचा पट्टा, त्यात खाच पाडलेली धातूची टिकली, तिनं सुई रेटायची. सुई तिधारी, दोरा मेणवलेला. आमचा पट्टा उजव्या हाताचा आणि थोरली डावरी. पहिल्या दिवशी तिनं तो उलटा घालून पाहिला, टिकली भलतीकडे गेली आणि सुईचं बूड तळव्यात घुसलं. डाव्या हाताचा पट्टा वेगळा मिळतो हे आम्हाला माहीतच नव्हतं. जुन्या चामड्याच्या तुकड्यातून मी एक करून दिला, ओबडधोबड. पहिल्या तासात तिचं काम वीतभर झालं. तिसऱ्या तासात दोन वीत. ठिगळाचे कोपरे तिनं न सांगता गोल कापले होते. चौकोनी कोपऱ्यावर ताण एका टाक्यावर एकवटतो, हे तिला चादरीच्या वेळेसच कळलं होतं.

लपवलेला पट्टा

यापुढचं लिहायला फारसं आवडत नाही. थोरलीचं शिवणं चांगलं आहे हे शेजारी नांगरलेल्या बोटींना कळलं. कुणाचं छत फाटलेलं, कुणाची गादीची खोळ. आम्हाला कौतुक वाटायचं आणि तिच्या वतीनं आम्हीच हो म्हणायचो. आमच्या बोटीवरचंही सगळं शिवणकाम हळूहळू तिच्याकडे गेलं, कारण ती पटकन करायची. दोन महिन्यांनी एक दिवस चामड्याचा पट्टा सापडेना. आठवड्याभरानं नांगर उचलताना तो साखळीच्या कप्प्यात मिळाला, तळाशी. तो तिथे आपोआप जायचा नाही.

कौशल्य शिकवणं आणि त्या कौशल्याला कामाला जुंपणं यांच्यात जी रेघ आहे ती आम्ही कधी ओलांडली ते आमच्या लक्षात आलं नाही. रिकाम्या हातांच्या मोठ्या माणसाला करता येईल असं काम मुलाच्या अंगावर येऊ लागलं, की ती रेघ मागे पडलेली असते. आमच्या बोटीवर शिवता येणारं मोठं माणूस होतं, आणि ते मी होतो.

आणि आम्ही धाकट्याला काय केलं होतं? चाक फिरवणारा. नऊ महिने तो चाकच फिरवत होता. गाठींत तो आता तरबेज झाला होता, भाराखालच्या गाठी कुठल्या आणि निवांत बांधायच्या कुठल्या हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. नांगर टाकल्यावर किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून बोट सरकतेय का हे तोच पाहायचा. बोटीचा वेग काढायला लाकडाचा तुकडा पुढून टाकायचा आणि तो मागे यायला लागणारे सेकंद मोजायचा. १० मीटरला ५ सेकंद लागले तर चार नॉटला थोडं कमी. पण सुई त्याच्या हातात आम्ही दिलीच नव्हती, कारण ताई होती.

मग कामं वाटून घेतली. शिडांची सुरक्षेची दुरुस्ती सगळ्यांची. बाकीचं शिवण माझं. थोरलीला हवं तेव्हा, हवं ते. बाहेरच्या बोटींना आम्ही नाही म्हणायचं, तिनं नाही.

शिवणकाम शिकणाऱ्या खलाशाला पूर्वी पहिलं काम द्यायचे ते अवजारांच्या पिशवीचं. त्यात सपाट शिवण, गोल शिवण, दोराचा डोळा, दोराच्या टोकाला दोरा गुंडाळून बंद करणं असं जवळजवळ सगळं येतं. धाकट्यानं जिबच्या उरलेल्या कापडातून ती करायला घेतली. सगळी हातशिवण. टाके कुठे जवळ, कुठे फाकलेले. बूड बसवून झाल्यावर तो ती घेऊन ताईकडे गेला. तिनं पुस्तक बाजूला ठेवलं, पिशवी उलटी केली, नख घालून एकेक टाका उचलत गेली.

"हे इथून इथपर्यंत सैल आहेत," ती म्हणाली. साधारण एक वीत. तिची.

त्यानं कात्री आणली आणि बसून उसवायला लागला.